अंजिरी लुगडं

नातीच्या शाळेच्या गॅदरिंगला मेकअपच्या खोलीत डोकावले आणि तोंडाला फासायच्या सफेद्याच्या वासाने मला थेट पंचवटीतल्या एका दुपारी नेऊन सोडलं. साल पस्तीस-छत्तीस असेल, मी सात वर्षांची.

माझे वडील, दादा, शाळेत गणित शिकवायचे आणि हौसेने नाटकांत कामं करायचे. बायकांच्या भूमिका तेव्हा बहुतेक पुरुषच करत. त्या वर्षी दादांच्या वाट्याला नायकाची आई आली होती. माझी आई जाऊन वर्ष होत आलं होतं. रंगीत तालमीला दादा तिचंच अंजिरी लुगडं नेसले.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्यांचा डबा घेऊन गेले, तर खिडकीशी आई पाठमोरी उभी. धावत जाऊन मी पदर धरला. वळला तो दादांचा पांढराफटक चेहरा.

"खोटी आहे ही," म्हणत मी रडू लागले.

दादा तिथेच खाली बसले, मला मांडीवर घेतलं. "हो गं, काल्पनिक आहे. आमच्या गणितातही अशी एक संख्या असते. नसतेच ती, पण आहे असं धरलं की अडलेलं गणित पुढे सरकतं. शेवटी ती निघून जाते आणि उत्तर खरं येतं."

मला काही कळलं नाही. मी लुगड्यात तोंड खुपसलं. ट्रंकेतल्या कापराखाली अजून आईचा वास होता. बाहेरून हाका येत होत्या, "मास्तर, तुमचा प्रवेश." दादा उठले नाहीत. त्यांचा हात लुगड्याच्या काठावरून सावकाश फिरत राहिला.

तेव्हा मला वाटलं होतं, निऱ्या सारख्या करताहेत.