सात क्रमांकाची खुर्ची

मुलांनो, तुम्ही मागच्या वेळी आलात तेव्हा उमेळ्यातलं आपलं वाचनालय जुन्याच पद्धतीने चालत होतं. आता प्रत्येक पुस्तकात चिप आहे. संगणकावर नाव टाकलं की ते पुस्तक ज्या फळीवर असेल तिथला दिवा लागतो. वरच्या मजल्यावर, वाचनकक्षात, प्रत्येक खुर्चीसमोर टेबलात एक काळी चकती बसवली आहे. सभासदाने तिच्यावर कार्ड ठेवलं की डोक्यावरचा पंखा आणि दिवा सुरू होतो. खुर्चीत कोणाची हालचाल जाणवली नाही तर वीस मिनिटांनी दोन्ही आपोआप बंद. कोण किती वेळ बसलं याची नोंद खाली माझ्या टेबलावरच्या संगणकात येते.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून सभासदांची नोंद मीच ठेवते, हे तुम्हाला माहीत आहे. नवी यंत्रणा येऊन आठ-नऊ महिने झाल्यावर दिवंगत सभासदांचे क्रमांक महिनाअखेरपर्यंत बंद करायचे ठरलं. अठरा मी एका दुपारी बंद केले. एकोणिसावा तुमच्या आजोबांचा होता.

"बाई, एकच राहिलाय. मी करू का?" चिटणीसांनी विचारलं.

"माझं काम आहे. मी करीन."

बंद करण्याआधी कार्ड शेवटचं कधी वापरलं ते बघायची माझी पद्धत. बघितलं. आदल्या दिवशी, चार ते सहा, खुर्ची क्रमांक सात. त्याच्या आदल्या दिवशीही तेच. आजोबांना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

यंत्रं बसवून गेलेल्या मुलीला मी नालासोपाऱ्याला फोन लावला. ती म्हणाली, "काकी, सिस्टिम खोटं नाही बोलत. कोणीतरी कार्ड ठेवतंय, बस. वर जाऊन बघा ना."

आठ महिन्यांत मी वर गेले नव्हते. त्या दिवशी सव्वाचारला गेले. कक्षात फक्त एक माणूस होता आणि दोन पंखे चालू होते. एक त्याच्या डोक्यावर, दुसरा समोरच्या रिकाम्या सात नंबरवर. तिथे टेबलावर कोणीतरी पेपर उघडून ठेवला होता आणि त्याचा कोपरा वाऱ्याने सारखा उचलला जात होता.

तो माणूस म्हणजे तुमचे वाडीवाले आजोबा, दर वर्षी तुम्हाला आपल्या वाडीतली केळी सुकवून सुकेळी पाठवणारे. ते आणि आजोबा चाळीस वर्षं समोरासमोर बसले. त्यांचा एक नियम होता. जो आधी पोचेल त्याने दोघांची जागा धरायची. त्यासाठी दोघांची कार्डं एकाच डबीत, वाडीवाल्यांच्या पिशवीत असत. नवी कार्डं आली तेव्हा तीही त्याच डबीत गेली. आठवड्याभरात आजोबा गेले.

"या वहिनी," ते म्हणाले. "बसा. येईलच तो."

"कोण?"

"कोण म्हणजे? तुमचाच माणूस. जरा वेळेवर सोडत जा की घरातून."

आजोबांना खांदा द्यायला हेच पुढे होते. घरी येऊन मी त्यांच्या सुनेला फोन केला. ती म्हणाली, "विसरतात, काकी. सांगितलं की पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरे. आम्ही सांगणं सोडलं."

म्हणजे मी तो क्रमांक बंद केला की दुसऱ्या दिवशी चारला चकती लाल होणार, ते कारण विचारणार, आणि कोणालातरी ते सांगावं लागणार.

एक गोष्ट मात्र माझ्या हिशेबात बसेना. कार्डाने पंखा सुरू होईल, पण वीस मिनिटांनी तो बंद व्हायला हवा. मी पुन्हा वर गेले आणि घड्याळ लावून बसले. पस्तीस मिनिटं झाली, पंखा चालूच. त्या मुलीला विचारलं तर म्हणाली, "समोरच्या काकांचे पाय पोचत असतील, सेन्सर तेच पकडतो." वाडीवाले खुर्चीत मांडी घालून बसतात. टेबलाखाली त्यांच्या फक्त चपला होत्या.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी क्रमांक बंद केला. नियम सगळ्यांना सारखा. दुसऱ्या दिवशी चारच्या आधीच वर जाऊन उभी राहिले. काय बोलायचं ते वाक्य ठरवून ठेवलं होतं. वाडीवाल्यांनी डबी उघडली, आपलं कार्ड ठेवलं, मग वाकून समोर आजोबांचं ठेवलं. चकती लाल झाली. त्यांनी कार्ड उचलून पुन्हा ठेवलं, पुन्हा लाल. मी तोंड उघडलं.

"असं होय," ते आधीच म्हणाले. "आज जागा तुम्हाला देऊन गेला वाटतं. मग उभ्या का? बसा."

मी बसले. पर्समधून माझं कार्ड काढून ठेवलं, तर पंखा सुरू झाला. ते वाक्य मी अजून बोललेले नाही. तेव्हापासून रोज चार ते सहा मी तिथे बसते. ते पेपर वाचतात, मधेच राजकारणावर माझ्याशी भांडतात आणि मला काही कळत नाही असं सांगतात. आजोबांनाही हेच सांगायचे.

मागच्या गुरुवारी मात्र मी गेले नव्हते. माझी दाढ काढायची होती, दुपारभर वसईला दातांच्या डॉक्टरांकडे होते. वाडीवाल्यांनाही सुनेने मुंबईला तपासायला नेलं होतं. काल महिन्याची नोंद तपासली. गुरुवार, खुर्ची क्रमांक सात, चार ते सहा. सभासद क्रमांक माझा.

कार्ड दिवसभर माझ्या पर्समध्ये होतं, आणि पर्स माझ्या मांडीवर. त्या मुलीला मी या वेळी फोन केला नाही. चुकीची नोंद दुरुस्त करायचा एक अर्ज असतो. तो खणात आहे. भरलेला नाही.