पाखरासाठी स्टूल

नाचाच्या मॅडमनी स्टूल आणून मधोमध ठेवलं. त्याला पांढरं कापड गुंडाळलेलं. म्हणाल्या, "शेवटी तू याच्यावर चढ आणि हात पसर. दिसायला तेच दिसतं."

दिसायला तेच दिसतं. हे वाक्य मी अजून विसरले नाही.

आमच्या बॅलेत मी पाखरू होते. जखमी पाखरू, शेवटी उडून जातं. उडणं म्हणजे माझ्या जोडीदाराने, अथर्वने, मला कमरेला धरून डोक्याच्या वर उचलायचं. त्याला लिफ्ट म्हणतात. उन्हाळा लागल्यापासून आम्ही तेच घोटत होतो, अमरावतीत, राजापेठेतल्या एका ट्यूशन क्लासच्या वरच्या हॉलमध्ये. पंखे गरम हवा फेकायचे. तो डगमगला की मी पडणार, मी घाबरले की तो पडणार. समोरच्याच्या हातावर जीव टाकल्याशिवाय लिफ्ट होत नाही.

मग जयंती आली. आमच्या वस्तीतून मिरवणूक निघाली. मी बेभान नाचले. दुसऱ्या दिवशी केस धुवून क्लासला गेले. पण निळा गुलाल एका धुण्यात निघत नाही. घामासोबत तो मानेवर उतरला आणि अथर्वच्या पांढऱ्या टी-शर्टवर उमटला. खांद्याजवळ.

त्याची आई त्याला न्यायला यायची. वकिलांची बायको. आम्ही सगळ्या काकू म्हणायचो. डब्यात लाडू आणायच्या, मलाही द्यायच्या. काकूंनी डाग पाहिला. मग माझी मान पाहिली.

"अगं, तू त्यांच्यातली होय? वाटत नाहीस हो अजिबात."

आवाज गोडच होता. डबा उघडला नाही.

पुढच्या तालमीला स्टूल आलं.

"अथर्वचा खांदा दुखतोय गं," मॅडम म्हणाल्या. त्याच संध्याकाळी दुसऱ्या नाचात अथर्वने क्लासमधल्या ऋचाला उचललं. तोच खांदा. मी पाहत होते. तो माझ्याकडे पाहत नव्हता. बांधलेल्या बुटांच्या नाड्या पुन्हा बांधत बसला.

मला काय वाटलं? काहीच नाही. खरं सांगते. असल्या वेळी रक्त उसळतं, असं आमच्या चळवळीच्या पत्रकांत आज मीच लिहिते. माझं नाही उसळलं. दाढ काढताना इंजेक्शन देतात, तसं झालं होतं. तिथे काहीतरी ओढून राहिले आहेत, हे समजतं. दुखत नाही.

आणि मी स्टुलावर चढले. दर तालमीला चढले. हात पसरले.

कार्यक्रमाच्या दिवशी आई लवकर आली. अंगणवाडीतून तशीच, पदराला खडू लागलेला. शेवटची तालीम तिने मागे उभी राहून पाहिली. मग सरळ मॅडमसमोर.

"काहून वो मॅडम, ते पोट्टं हिले उचलणार होतं ना? घरी रोज सांगे आमाले."

"ताई, हे जास्त सेफ आहे."

"कोणासाठी सेफ?"

मॅडम हसल्या. आई हसली नाही. ती माझ्याकडे वळली. हळू म्हणाली, "अन् तू चढून राहिली त्याच्यावर?"

एवढंच.

संध्याकाळी कार्यक्रमाचा हॉल भरला. संगीत त्या जागेवर आलं. दिव्याचा झोत स्टुलावर पडला. मी स्टुलापर्यंत गेले आणि थांबले. हात खाली.

विंगेतून मॅडमचा आवाज, "चढ! अगं चढ ना!"

अथर्व जवळच उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे हात पाठीमागे होते. ते पुढे आले नाहीत. पाखरू उडालं नाही. संगीत संपेपर्यंत मी तशीच उभी राहिले. लोकांना वाटलं, शेवट असाच असेल. टाळ्या पडल्या. मी वाकले नाही. नाचाच्या बुटांसकट आईच्या स्कूटीवर बसले आणि घरी आले.

मग मुंबई. तिथल्या एका नाचाच्या कंपनीत आधी मागच्या रांगेत नाचले, मग पुढच्या. आणि परत फिरले. आज अकोल्यात माझी स्वतःची बॅले कंपनी आहे. डायरेक्टर मी. आमच्याकडे पहिल्या दिवशी पावलं शिकवत नाही. पहिल्या दिवशी एकमेकांना उचलायचं. ज्याला जमत नाही त्याला शिकवते. ज्याला चालत नाही त्याला दार दाखवते. एक बाप म्हणाला, "आमची मुलगी फक्त एकटीच नाचेल." म्हटलं, "मग घरी नाचू द्या. आरसा तेवढा मोठा घ्या."

परवा मॅडमचा फोन आला. "अगं, आपल्या संस्थेचा महोत्सव आहे. कंपनी घेऊन ये. तेच पाखरू कर. शेवटी आमचीच ना तू? अथर्व आता ट्रस्टी आहे. हार तोच घालणार आहे तुला."

"स्टूल काहून ठेवलं होतं, ते स्टेजवर सांगाल?"

"किती जुनं ते! आता कोण मानतं असलं?"

"मग सांगायला काय जाते?"

फोन कट.

मी येणार आहे, मॅडम. तुमच्या स्टेजवर नाही. राजापेठेत, त्याच हॉलच्या खाली, रस्त्यावर. आधी माईकवरून स्टुलाची गोष्ट सांगीन, नावं घेऊन. मग पाखरू उडेल, माझ्या माणसांच्या हातांवर.

अथर्वने बघायला यावं. हार आणू नये. हात पुढे करायचाच असेल तर दुसऱ्या कोणासाठी करावा. मी तो धरणार नाही. ती वेळ त्या संध्याकाळच्या संगीतासोबत संपली.