बाजारातला ओटा

अकोल्याच्या बाजारात आमचं बांगड्यांचं दुकान आहे. दुकान कसलं, हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात. म्हणून सगळा धंदा समोरच्या दगडी ओट्यावर. तिथं माझी माय मांडी घालून बसायची. खेड्यांवरून आलेल्या बाया चपला खाली काढून ओट्यावर चढायच्या आणि तिच्यापुढं हात करायच्या. खुर्चीवर बसून तिला बांगड्या भरताच येत नाहीत. त्यामुळं रस्ता सुंदर करायला महापालिका ओटे तोडणार हे कळलं, तसं माझं डोकंच फिरलं.

"मोठे आले सुंदर करणारे! आधी नाल्या काढा म्हणावं!" मी गल्लीभर बडबडले. माय मात्र ओटा तुटला त्या दिवसापासून घरीच बसली. "आता माह्यं बाजारात काय काम?" एवढंच म्हणायची.

मग टिनाची छपरं उतरली, फ्लेक्स निघाले, तारा जमिनीखाली गेल्या. एका सकाळी दुकान उघडायला गेले, सहज वर पाहिलं आणि अगाई गं! समोरच्या अख्ख्या ओळीला सागवानी गॅलऱ्या, कमानी, कमानींवर कोरलेले पोपट! जन्म गेला या रस्त्यावर, पण टिनाच्या वर काय आहे ते कोणाला ठाऊक? समोरचा चपलावाला चाचा कुलूप हातात धरून तसाच उभा. "या अल्लाह, ये अपनीच दुकान है क्या?" म्हणाला. आम्ही दोघं येड्यासारखे वर बघत राहिलो.

मी तशीच घरी गेले आणि मायला ऑटोत घालून आणलं. तीही पोपटांकडं बघतच राहिली. नव्या फूटपाथवर कडुनिंबाभोवती दगडी पार बांधला होता. ती त्यावर टेकली, मांडी घातली, आणि मी बांगड्यांची पेटी तिच्यापुढं ठेवली.

बाळापूरकडच्या दोन बाया ओटा शोधत आल्या. मायला पाहून त्यांनी सवयीनं फूटपाथच्या कडेलाच चपला काढल्या. मागून येणाऱ्यांना वाटलं, इथला नियमच असेल. त्यांनीही काढल्या. बघता बघता चपलांची रांग लागली, आणि त्या गुळगुळीत दगडावर सगळा बाजार अनवाणी चालू लागला.

तेवढ्यात रस्त्याच्या कामावरचे इंजिनिअर साहेब आले. "आजी, इथं धंदा करता येत नाही."

"एकच हात भरला हाय, साहेब. असं अर्ध्यावर बाईले उठवत नाई."

साहेब थांबले. दुसरा हात भरून झाला. त्या बाईनं रीतीप्रमाणं मायपुढं डोकं टेकवून नमस्कार केला. साहेबांनी आजूबाजूला पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडं. खाली वाकून बूट काढले आणि पारावर बसले.

"उद्या बायकोला आणतो, आजी. असाल ना?"

मायनं पुढच्या बाईचा हात हातात घेतला.

"मी कुठी जातो आता?"