शिवप्पामामांच्या चाळीस पाट्या

दर शनिवारी दुपारी दोन वाजता शिवप्पामामा संगणक प्रयोगशाळेतलं लोखंडी कपाट उघडायचे आणि आत बघून म्हणायचे, "उठा रे, जेवायची येळ झाली." कपाटात चाळीस टॅबलेट होते. मामा त्यांना पाट्या म्हणत. एकेक पाटी काढायची, मऊ फडक्यानं पुसायची, वायर जोडायची, पूर्ण चार्ज झाली की बंद करायची आणि परत कपाटात निजवायची. पुढच्या शनिवारपर्यंत त्यांना दुसरं काही काम नसे. "आठवड्यातनं एकदा जेवत्यात आन बाकीचं सगळं दिस झोपत्यात," मामा म्हणायचे. "असला जावई मिळायला नशीब लागतं."

मामा आमच्या सोलापूरच्या कॉलेजात प्रयोगशाळा परिचर होते. मी पहिल्या वर्षाला होते आणि 'कमवा आणि शिका' योजनेतून मला शनिवारी त्यांच्या हाताखाली काम मिळालं होतं. करमाळा तालुक्यातल्या आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. त्यामुळे कॉलेजात जी वस्तू आहे ती कशासाठी तरी असणारच, असं मला मनापासून वाटायचं. आज लिहिताना जरा संकोच होतो, पण खरंच वाटायचं.

या पाट्या मी येण्याआधी दोन वर्षं कुणा देणगीदारानं दिल्या होत्या. त्या समारंभाची गोष्ट मामांनी मला पहिल्याच शनिवारी सांगितली. "चाळीस पोरं निवडली. डाव्या जिन्यानं स्टेजवर जायाचं, पाटी घ्यायाची, फोटो काढायाचा, उजव्या जिन्यानं उतरायाचं. उजव्या जिन्याखाली कोण हुबा? मी. हातात काय? क्रेट."

"म्हणजे लगेच परत घेतल्या?"

"लगेच कशाला? ज्याचं डोळं फोटोत मिटलं त्याचा फोटो दोनदा काढला. त्याला जास्त येळ मिळाली की."

प्राचार्यांनी त्या दिवशी भाषणात 'ज्ञानाची दारं उघडली' असं म्हटलं होतं. "आन भाषण संपल्यावर कुलूप आणायला मलाच धाडलं," मामा म्हणाले. पाट्या विद्यार्थ्यांसाठी होत्या, पण विद्यार्थ्यांच्या हातात दिल्या तर त्या फुटतील, म्हणून त्या विद्यार्थ्यांपासून सांभाळायच्या होत्या. कपाटावर एक वापर नोंदवही होती. तारीख, नाव, वापराचा हेतू, सही, असे रकाने लाल शाईनं आखलेले. आत एकही नोंद नव्हती. मामा दर शनिवारी वहीवरचीही धूळ पुसायचे.

मला ते बघवत नसे. मी आठवडाभर विचार करून दर शनिवारी पाटीचा एक तरी उपयोग शोधून आणायची आणि भीतभीत मामांपुढे मांडायची. मामांचा प्रश्न ठरलेला असायचा. चष्मा कपाळावर सरकवून ते विचारायचे, "ह्याच्यावाचून कुणाचं काय अडलंय?"

"मामा, ह्यावर पुस्तकं वाचता येतात."

"खाली लायब्ररी हाय की. तितं तरी कोन जातंय? पुस्तकावाचून अडंना, ते पाटीवाचून अडंल व्हय?"

"लेक्चर बघता येतात."

"त्याला सर हायत. येत न्हाईत ती गोष्ट येगळी."

"फोनपेक्षा मोठं दिसतं."

"मग टीव्ही बघावा. पोरी, खिशात मावत न्हाय म्हंजे फोन न्हाय. टाइप करायला गेलं की बोटं मोडत्यात म्हंजे कम्प्युटर न्हाय. मग हाय काय ते? आमच्या पुतण्यानं हौसेनं घेतला. खिशात मावंना म्हणून घरी ठिवला, घरी टीव्ही हाय म्हणून शोकेसमधी ठिवला. आता त्याच्यावर त्याच्या लग्नाचं फोटो फिरत्यात. बायको म्हणती, ह्यापरीस फ्रेम बरी हुती, तिला चारजिंग लागत नव्हतं."

मी हरून पाट्या पुसायला लागायची. मनात म्हणायची, पुढच्या शनिवारी नक्की.

खंडेनवमीला मात्र पाट्या बाहेर निघाल्या. सोलापुरात त्या दिवशी माग थांबतात, रिक्षांना हार पडतात, सुताराच्या करवतीलाही झेंडूचं फूल मिळतं. प्राचार्यांनी सांगितलं, प्रयोगशाळेतल्या उपकरणांची पूजा करा, फोटो काढा. मी चाळीस पाट्या टेबलावर नीट मांडल्या, ताटात हळदकुंकू आणलं. मामांनी सगळ्या रांगेवरून नजर फिरवली.

"हत्यार वरीसभर राबतंय म्हणून त्याला आज सुट्टी," ते म्हणाले. "ह्यांना कशाची सुट्टी द्यायाची?"

मग त्यांनी वाकून टेबलाखालचा विजेचा बोर्ड ओढून काढला. एका कडेला वितळलेला, चिकटपट्टी गुंडाळलेला तो बोर्ड दर शनिवारी चाळीस वायरी सांभाळायचा. मामांनी त्याला कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि मनापासून हात जोडले. "राबतंय ते हे," म्हणाले. फोटो अर्थात पाट्यांचाच निघाला.

मामांच्या घरी कोण आहे हे मी कधी विचारलं नव्हतं. ते बोलत जगाबद्दल, स्वतःबद्दल नाही. डिसेंबरात एका शनिवारी ते आलेच नाहीत, फोनही उचलेनात. कपाटाची चावी त्यांच्याजवळ होती, म्हणून कार्यालयातल्या बाईंनी मला अक्कलकोट रोडवरच्या त्यांच्या घरी पाठवलं.

दार उघडंच होतं. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत खाट, खाटेवर मामी. उन्हाळ्यात त्यांना पक्षाघात झाला होता. उजवी बाजू गेली होती आणि वाचा गेली होती. समजत सगळं होतं. डाव्या हातानं त्या खाटेची पट्टी बडवत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मामा समोर उकिडवे बसले होते. दोघांची घरातली भाषा कानडी. मामा एकेक वस्तू उचलून दाखवत विचारत होते. पाणी? चहा? पंखा लावू? पंखा बंद करू? प्रत्येक प्रश्नाला मामी डोळे गच्च मिटून मान फिरवत. खाटेवर पुठ्ठ्याचे तुकडे पसरले होते. कॅलेंडरातली, औषधांच्या खोक्यांवरची चित्रं कापून मामांनी चिकटवलेली. मामींचा हात त्यांतून काही शोधायचा आणि रागानं सगळं खाली ढकलायचा.

"सकाळी सातपासनं चाललंय," मामा म्हणाले. "काय पायजे कळंना गेलंय मला." उपरोध न करता ते बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

उशी सरकली होती, ती नीट करावी म्हणून मी मामींच्या खांद्याखाली हात घातला आणि माझ्याच हाताला चावलं. पाठीखाली मुंग्या होत्या. लाल, बारीक, गादीच्या शिवणीतून निघालेल्या. आम्ही दोघांनी मामींना उचलून खुर्चीत बसवलं. मी आतल्या खोलीत नेऊन त्यांचं लुगडं बदललं. पाठ लालभडक झाली होती. सात-आठ तास त्या एवढंच सांगत होत्या आणि त्यांचा नवरा त्यांना चहा हवाय का विचारत होता.

मामा अंगणात गादी आपटत राहिले. मुंग्या कधीच गेल्या होत्या, तरी आपटत राहिले.

त्या दिवशी मी माझ्या फोनवर शोधून एक साधं ॲप उतरवलं. आपण काढलेले फोटो त्यात चौकटीत लावायचे, प्रत्येकामागे आपला आवाज भरायचा. चित्राला बोट लावलं की ते बोलतं. मी तांब्या, पंखा, उशी असे नऊ फोटो लावून फोन मामींपुढे धरला. त्यांना क्षणात कळलं. पण डावा हात थरथरायचा आणि चौकटी नखाएवढ्या. पाण्याला बोट लावायला जावं तर फोन म्हणायचा, पंखा. तीनदा असं झाल्यावर मामींनी फोन बाजूला सारला आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी मामांकडे बघितलं. मामांनी माझ्याकडे बघितलं. आम्हा दोघांच्या डोळ्यांपुढे एकच लोखंडी कपाट होतं.

"मामा, एक पाटी..."

"न्हाय."

"चाळीस आहेत. कुणाला कळणार पण नाही. चावी तर तुमच्याकडेच आहे."

"चावी माझ्याकडं हाय म्हणूनच न्हाय," मामा म्हणाले.

मग मी मला जे येत होतं ते केलं. अर्ज लिहिला. तीन वेळा फाडून चौथ्यांदा सुवाच्य अक्षरात लिहिला आणि प्राचार्यांकडे नेला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि माझ्या मराठीचं कौतुक केलं. म्हणाले, "भावना समजते. पण ही उपकरणं शैक्षणिक उपयोगासाठी आहेत. त्यांचा गैरवापर सुरू झाला तर आपण काय उत्तर देणार?" वापर झाला नाही तर काय उत्तर देणार, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. तो प्रश्न मला जिना उतरताना सुचला.

मामांना सांगितलं तर ते म्हणाले, "बराबर हाय त्यांचं. तितल्या पाट्या शिकायला हायत. शिकून शिकून दमल्यात बिचाऱ्या." आणि चष्मा पुसत म्हणाले, "चल, बाजारात जाऊन येऊ."

दुकानदार चाळिशीचा, बोलका माणूस होता. मामांचं वय आणि पोशाख बघून त्यानं त्यांना प्रामाणिकपणे समजावलं. "काका, टॅब आता कोण घेतंय? आमच्याकडं महिन्यात एखादा जातो, तोही लहान पोरांच्या कार्टूनसाठी. तुमी आपला मोठ्या स्क्रीनचा फोन घ्या. खिशात मावतोय, कॉल करता येतोय. टॅबवाचून कुणाचं काय अडतंय हो?"

मी खाली बघितलं. मामांचा स्वतःचा प्रश्न, जवळजवळ शब्द न् शब्द, काचेच्या काउंटरपलीकडून त्यांच्याकडे परत आला होता. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"आमचं अडलंय," ते म्हणाले. "सगळ्यात मोठा दाखवा."

दुसऱ्या दिवशी मी घरातल्या वस्तूंचे फोटो काढले. मामींचा स्वतःचा तांब्या, त्यांची कपबशी, त्यांचं पांघरूण. पहिली चौकट कशाची लावायची विचारलं तर मामा म्हणाले, "मुंगीची." आवाज मामांचाच भरला, कानडीत. त्यामुळे पुढे त्या घरात मामांच्याच आवाजात मामांना हुकूम सुटायला लागले. "नीरु," पाटी म्हणायची आणि मामा पाणी आणायला उठायचे. "चाळीस वरसं हिनं माझं ऐकलं न्हाय," ते म्हणायचे, "आता मलाच माझं ऐकावं लागतंय." माणसांच्याही चौकटी होत्या. मामा, पुतण्या, शेजारच्या काकू, आणि एक माझी. शेवटची चौकट मामींनी पुठ्ठ्यांतून निवडून दिली होती, आडव्या धरलेल्या तळहाताची. तिचा आवाज होता "साकु". म्हणजे पुरे.

मे महिन्यात मामा निवृत्त झाले. निरोप समारंभात प्राचार्य म्हणाले, "शिवप्पांनी चाळीस टॅबलेट असे जपले की आज एकावरही साधा ओरखडा नाही!" टाळ्या पडल्या. मामा माझ्या कानाशी लागून म्हणाले, "पोरी, माझ्या हातनं ह्यापरीस मोठं पाप झालं न्हाय." घरच्या पाटीवर पाचच महिन्यांत नखांचे ओरखडे होते, तेलाचे ठसे होते आणि एका कोपऱ्यात वरणाचा डाग होता. कपाटाची चावी त्या दिवशी माझ्याकडे आली. नोंदवहीही.

दिवाळीनंतर ते दोघं अक्कलकोटकडच्या आपल्या गावी राहायला जाणार होते, म्हणून खंडेनवमीला मी भेटायला गेले. देवापुढे विळी, अडकित्ता, मामांचा जुना स्क्रूड्रायव्हर मांडला होता आणि मधोमध पाटी, कुंकवानं माखलेली, वर झेंडूचं फूल.

"ये ये," मामा म्हणाले. "बघ, हिला कुंकू लावलं. हिचा हक्क हाय. मागच्या साली मी त्या चाळीस पाट्यांना काय म्हणलो हुतो? राबतंय त्यालाच..."

खाटेची पट्टी वाजली. मामी डावा हात देवाकडे करत होत्या. मामा म्हणाले, "अगं, आज हत्याराला सुट्टी असती." पट्टी पुन्हा वाजली, जोरात. मामा थांबले. मग त्यांनी वाकून देवाला नमस्कार केला, फूल काढून ठेवलं आणि पाटी तशीच उचलून मामींच्या मांडीवर आणली. "हिला सुट्टी देऊन चालत न्हाय," माझ्याकडे बघत ते म्हणाले. "मी तुला सांगतो, उपेग म्हंजे काय, तर ज्या दिशी..."

"साकु," पाटी म्हणाली.

मामांना त्यांच्याच आवाजानं गप्प केलं होतं, त्यामुळे उलट उत्तर द्यायची सोय नव्हती. मामींचं बोट कुंकवानं लाल झालं होतं. ते काचेवरून थरथरत वर गेलं, कपबशीवर थांबलं, मग माझ्या फोटोवर. चहा. आणि माझं नाव.

घरी पाहुणी आली होती आणि मामी तिला चहा विचारत होत्या.

मामा चहा टाकायला आत गेले. परत येऊन त्यांनी फडक्यानं काच पुसायला घेतली. कपबशीवरचं कुंकू पुसलं, माझ्या फोटोवरचं पुसलं, आणि बाकीचं तसंच राहू दिलं.