दिवा खरंच लागत होता

बाई गेली, ही बातमी मला कामठीत मिळाली. ट्रकमधून सुताची गाठोडी उतरवून घेत होतो, तेवढ्यात तिचा मुलगा मनोहर सायकल दामटत आला. म्हणाला, "मामा, माय गेली. सकाळी नर्ससोबत भांडली, चहा मागितला, दोन घोट घेतले, अन् गेली." एवढं बोलून तो रडायला लागला आणि रडता रडता हसला. मलाही हसू आलं. बाई म्हणजे माझी मोठी बहीण वत्सला. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. भांडून गेली म्हणजे तिच्या मनासारखीच गेली.

त्यानंतर जो तो भेटायला आला त्यानं आवाज खाली आणून एकच सांगितलं... मनानं चांगली होती, पण तोंडानं फटकळ. हा 'पण' माझ्या डोक्यात जातो. होती फटकळ. मग? ज्यांना तिचं तोंड लागलं त्यांनी तसं काही केलं होतं म्हणून लागलं. मला स्वतःला ते सगळ्यात जास्त लागलं, आणि ते कसं लागलं हे आता मला सांगायचंच आहे.

मी तेव्हा तिशीच्या आत होतो आणि रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांची गाडी चालवत होतो. जुनी, काळी, जड गाडी. मी तिच्यावर जीव टाकत असे. आमचं घर विणकरांचं, वडिलांपर्यंत सगळे मागावर बसले. मी मात्र स्टिअरिंग धरलं. बाई लग्न होऊन इतवारीपलीकडे गेली आणि तिथंही जरीकाठी लुगडीच विणत राहिली. डॉक्टर आठवड्यातून दोनदा कामठीच्या दवाखान्यात जायचे. एका पावसाळ्यानंतर त्या रस्त्यावर गाडीतला ऑइलचा लाल दिवा लागायला लागला. हा दिवा लागला म्हणजे इंजिनात ऑइल फिरत नाही असं समजायचं आणि जागेवर थांबायचं, नाहीतर इंजिन कायमचं बसतं. मी थांबायचो, बॉनेट उघडायचो, ऑइल बघायचो. ऑइल भरपूर. पुन्हा चालू केलं की दिवा गायब.

कधी अख्ख्या फेरीत लागायचा नाही, कधी एका फेरीत तीनदा. डॉक्टर मागे बसायचे, त्यांना तो दिसायचा नाही. एक दिवस ते मुद्दाम पुढे बसले आणि रामदासपेठेतल्या सपाट रस्त्यांवर मला तासभर फिरवलं. दिवा काही लागला नाही. गॅरेजच्या मिस्त्रीनं बल्ब बदलला, इंजिनावरचं, हा दिवा लावणारं ऑइलचं बटण बदललं, वायर बदलली. कामठीच्या चढावर दिवा पुन्हा लागला. शेवटी मिस्त्री कंटाळून म्हणाला, बल्बच काढून टाकतो. डॉक्टर म्हणाले, काढ. मी म्हणालो, "साहेब, दिवा काढलेली गाडी मी चालवणार नाही. उद्या खरंच ऑइल गेलं तर मला कळणार कसं?" तेव्हा रामदासपेठेतल्या दवाखान्याच्या व्हरांड्यात पेशंट बसले होते, कंपाउंडर उभा होता. त्या सगळ्यांसमोर डॉक्टर म्हणाले, "दिवाबिवा काही लागत नाही. तुला कामठीला जायचा कंटाळा येतो. खोटारडा आहेस तू. उद्यापासून येऊ नकोस."

मी तिथून थेट बाईकडे गेलो. ती मागावर होती. मी तावातावानं सगळं सांगितलं. ती हात न थांबवता ऐकत होती. मग तिनं विचारलं, "पयल्यांदा कधी लागला?" मी चाटच पडलो. पंधरा दिवस सगळ्यांनी काय झालं, कुठं झालं हे विचारलं, कधीपासून हे कुणीच विचारलं नव्हतं. पण कापडात खोट दिसली की विणकर गुंडाळलेलं कापड मागे उलगडत जातो, खोट सुरू कुठं झाली ते बघतो. तिला तेवढंच माहीत होतं. मी आठवून सांगितलं, दसऱ्यानंतर चार-पाच दिवसांनी.

बाईचे हात थांबले. "दसऱ्याचा हार तू काढला कसा?"

"सुकला होता. ओढून तोडला."

दसऱ्याला डॉक्टरांच्या गाडीसाठी झेंडूचे हार तिनंच करून दिले होते. भावाच्या गाडीला साधा दोरा काहून, म्हणून उरलेल्या जरीत ओवले होते. एक मी बॉनेटवर घातला आणि छोटा थेट इंजिनाला. तेव्हाची जर म्हणजे रेशमावर गुंडाळलेली तांब्याची बारीक पट्टी, वर चांदीचा मुलामा. तांब्यातून वीज जाते हे मला कळायला हवं होतं, मी ड्रायव्हर होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्यासोबत रामदासपेठेत आली. डॉक्टर नको म्हणायच्या आत तिनं मला बॉनेट उघडायला लावलं, पदर खोचला आणि मान तिरपी करून बघत राहिली, तुटलेला धागा शोधतात तशी. मिस्त्रीला पंधरा दिवस दिसलं नाही ते तिला दिसलं. बोटभर जर एका लोखंडी नळीला अडकून राहिली होती आणि तिचं मोकळं टोक ऑइलच्या बटणाजवळ लोंबत होतं. चढावर इंजिन जोर लावून हललं की ते टोक बटणाच्या स्क्रूला लागत असणार. तिनं मला इंजिन चालू करायला सांगितलं, डॉक्टरांना पुढे बसवलं आणि काडीनं ते टोक स्क्रूला टेकवलं. दिवा लागला. काढलं, विझला. असं तीनदा.

डॉक्टर हसले. "म्हणजे तुमच्याच हाराचा प्रताप. ठीक आहे, दौलत, ये उद्यापासून."

बाई म्हणाली, "हार माहा, चूक माही. ते मी म्हनलं. आता तुमचं तुम्ही म्हना."

"काय म्हणू?"

"हेच, का हा खोटं नाही बोलला. चार लोकायसमोर खोटारडा म्हनलं ना, मंग चार लोकायसमोरच म्हना."

व्हरांड्यातले पेशंट बघत होते. डॉक्टर म्हणाले, "अहो, नोकरी परत देतोय ना? आणखी काय पाहिजे?" आणि आत निघून गेले. बाईनं माझ्या हातातली किल्ली घेतली, बॉनेटवर ठेवली आणि म्हणाली, "चाल गा."

मी रस्त्यात तिला वाटेल ते बोललो. नोकरी माझी, तुला कोणी विचारलं होतं? तिनं एकदाच सांगितलं, "काम भेटते. खोटारडा म्हनून तू रोज त्या गाडीत बसला असता, ते मले पाहवलं नसतं." मी त्या वर्षी भाऊबीजेला गेलो नाही. संध्याकाळी तीच ताट घेऊन माझ्या दारात आली. "तू नाही आला तं मीच आली. बस पाटावर." मी बसलो. ओवाळून घेतलं, आणि एक अक्षर बोललो नाही.

पुढे ट्रकचं काम मिळालं, संसार उभा राहिला. रुसवाही गेला, दर भाऊबीजेला मी तिच्याकडे जात राहिलो. ती बरोबर होती हे मला दोन-तीन वर्षांतच कळलं होतं. दर वर्षी पाटावर बसताना वाटायचं, आज म्हणावं. मग तिनं कशावरून तरी झापलं की राहून जायचं.

तेरवीला पंगत बसली होती. एक नातेवाईक वाढता वाढता म्हणाला, "तोंडापायी दौलतची चांगली नोकरी घालवली बिचारीनं." मी पानावरून उठलो. म्हणालो, "बाई बरोबर होती. मी तिच्यावर रागावलो, ते माझं चुकलं." सगळ्या पंगतीनं ऐकलं. जिच्यासमोर म्हणायला पाहिजे होतं ती तेवढी नव्हती.