आईने वाचलेली बातमी

माझ्या शेजारच्या खोलीत राहणारी थीरी म्यानमारहून पुण्याला शिकायला आली आहे. तिच्या देशात लष्कराची सत्ता आहे आणि फोन चोरून ऐकले जातात, म्हणून मायलेकी हवापाण्यापलीकडे काही बोलत नाहीत. तिची आई पूर्वी तिथल्या रेडिओवर बातम्या वाचायची. लष्कराने लिहून दिलेलं वाचायला तिने नकार दिला आणि नोकरी गेली.

काल संध्याकाळी थीरी गॅलरीत ताठ उभी होती. फोनच्या स्पीकरवर आई एकटीच बोलत होती, संथ, स्वच्छ आवाजात.

"काय झालं गं?" मी नंतर विचारलं.

"आईने बातमी वाचली. आमच्या गल्लीतल्या मुलाला सैनिकांनी गोळी घातली. तिने त्याचं नाव सांगितलं."

"पण फोन ऐकतात ना?"

"मीही तेच म्हटलं. ती म्हणाली, ऐकू देत. त्यांना तरी खरी बातमी कोण सांगणार?"

आम्ही चौकातल्या टपरीवर रोज सरकारला नावं ठेवतो आणि चहा संपला की निवांत घरी जातो. तिकडे एक नाव उच्चारायला केवढं बळ लागतं.

थीरीने आईला पुन्हा फोन लावला आणि त्या मुलाचं नाव स्वतः मोठ्याने घेतलं.