रिपोर्ट येईपर्यंतचे मडफ्लॅप

बाबांच्या मानेतल्या गाठीचा तुकडा तपासायला देऊन आम्ही हॉस्पिटलमधून परत येत होतो. पाऊस थांबला होता, पण वाकडच्या खोदलेल्या रस्त्यावर गढूळ पाणी साचलं होतं. मी गाडी त्यातून तशीच काढली. पुढच्या सिग्नलला एक स्कूटरवाले काका माझ्या काचेशेजारी येऊन थांबले. पांढरा शर्ट पोटापासून खाली चिखलाने भरलेला. त्यांनी काचेवर बोटाने टकटक केलं. मी काच खाली घेतली.

“मॅडम, आपली गाडी छान आहे,” ते अगदी शांतपणे म्हणाले. “मडगार्ड घ्यायचे राहिलेत, का ते काम आमच्या शर्टांकडे दिलंय?”

मी सॉरी म्हणेपर्यंत सिग्नल सुटला आणि ते गेले. बाबा मान न वळवता समोर बघत होते. मानेवर पट्टी होती, त्यामुळे वळवताही येत नव्हती.

“बराबर बोलला तो माणूस,” ते म्हणाले. “तुया गाडीले मडगार्ड काहून नाहीत?”

गाडी घेऊन वर्ष होत आलं होतं. चाकामागे लोंबणारे हे रबराचे फ्लॅप गाडीबरोबर येत नाहीत, वेगळे घ्यावे लागतात, आणि मी ते टाळलं होतं. हिंजवडीला ऑफिसला जायचं, यायचं, गाडी पार्किंगमध्ये लावायची. दाराच्या खालच्या कडेला चिखलाचे फराटे दिसायचे, तेवढं सोडलं तर मला काही अडत नव्हतं.

बाबा अकोल्याहून फक्त या गाठीसाठी आले होते. आईचे गुडघे धरलेले, ती घरीच राहिली. तिला आम्ही एवढंच सांगितलं होतं की साधी गाठ आहे, पुण्यात चांगले डॉक्टर आहेत. रिपोर्टला आठवडाभर लागणार होता. मी रजा टाकली. पण त्या आठवड्यात करायचं काय, याचा विचार आम्ही दोघांनीही केला नव्हता. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर कालव्यांवर पायी फिरलेला माणूस माझ्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये गॅलरीपासून दारापर्यंत आणि दारापासून गॅलरीपर्यंत चालत राहायचा. मी लॅपटॉप उघडायचे, बंद करायचे. चहा ठेवायचे आणि विसरायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आंघोळ करून, शर्ट खोचून तयार होते. “चाल, मडगार्ड घेऊन येऊ.”

आधी आम्ही जिथून गाडी घेतली त्या शोरूममध्ये गेलो. ॲक्सेसरीच्या काउंटरवरच्या गृहस्थांनी गाडीचं मॉडेल विचारलं, कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि मान हलवली.

“ओरिजिनल स्टॉकमध्ये नाहीत. मागवावे लागतील.”

“किती दिवस?”

“येतील तेव्हा फोन करू. नंबर ठेवून जा.”

“तोवर काही दुसरं?” मी विचारलं.

“दुसरं बाजारात मिळतं, इथे नाही. तिथे सगळ्या गाड्यांना एकच फ्लॅप बसवतात. पायातली चप्पल मागितली तरी बसवून देतील.” एवढं बोलून त्यांनी पुढच्या माणसाकडे पाहिलं.

मी नंबर ठेवला. माझं मत थांबावं असंच होतं. मी मोबाइलवर बरंच वाचलंही होतं : ओरिजिनल फ्लॅप गाडीच्या तयार भोकांमध्ये बसतात, बाहेरचे बसवायला बॉडीला ड्रिल करावं लागतं, तिथून गंज धरतो. बाहेर आल्यावर मी हे सगळं बाबांना सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, “आणखी एका गोष्टीची वाट पाहनं माह्याच्यानं होत नाही.”

मग आम्ही नाना पेठेत गेलो. गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं एकाला एक लागून, रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नाही. दुकानदाराने काउंटरवर फ्लॅपचे तीन-चार प्रकार टाकले. बाबांनी एकेक उचलला, वाकवून पाहिला. सगळ्यात जाड आणि लांब होता तो त्यांना आवडला.

“हा घ्या साहेब, हा ट्रकवर पण चालतो,” दुकानदार म्हणाला.

“पण माझी गाडी ट्रक नाहीये,” मी म्हटलं.

“मॅडम, मग तर आणखी चांगलं.”

फिटरने फुटपाथच्या कडेलाच गाडीचं चाक वळवून ड्रिल लावलं. तो आवाज मला सहन होईना. मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. बाबा मात्र फिटरच्या शेजारी कमरेवर हात ठेवून, स्वतःच्या साइटवर उभे असल्यासारखे उभे होते. त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचे पाय एका जागी थांबलेले मी पाहिले. म्हणून मी फिटरला थांबवलं नाही.

परत येताना पहिल्याच वळणावर आवाज आला. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं की खर्र, खर्र. पुढच्या फ्लॅपची आतली कड टायरला घासत होती. सरळ रस्त्यावर आवाज गायब, वळलं की हजर. आम्ही दोघांनी तो ऐकला. घरी आल्यावर बाबा तीनदा खाली पार्किंगमध्ये जाऊन आले. रात्री जेवताना मी मोबाइल पुन्हा पुन्हा पाहत होते. हॉस्पिटलमधून मेसेज येणार होता आणि तो इतक्या लवकर येणार नाही हेही मला माहीत होतं.

त्यानंतर एका सकाळी ते म्हणाले, “खडकवासला दाखव.” धरण पाहायचं म्हटल्यावर मलाही बरं वाटलं. बायपासने निघालो. वारज्याला वळलो, खर्र. पुढे एक वळण, खर्र. बाबांनी काच खाली केली आणि पट्टी सांभाळत डोकं बाहेर काढायला लागले.

“बाबा, आत या!”

“कोन्त्या बाजूनं येते ते पाहून राहिलो.”

धरणाच्या काठाला गाडी लावली तर पाण्याकडे न बघता ते सरळ चाकाजवळ गेले आणि चिखलात गुडघे टेकून बसले. “फिरव स्टेरिंग. आता उलटं. अजून.” मी फिरवत होते. मागून येणारे लोक आमच्याकडे बघत होते. आणि मग माझा तोल गेला.

“बाबा, उठा! बसा ना एका जागी! चार दिवस झाले, एक मिनिट बसत नाही तुम्ही. पाणी बघा ना, पाणी बघायला आलोय आपण!”

ते उठले नाहीत. खालूनच म्हणाले, “बसलो का हात मानेकडे जाते, बाई.”

मी इंजिन बंद केलं. बाहेर आले. मीही त्यांच्याशेजारी उकिडवी बसले आणि फ्लॅप हाताने ओढून धरला. आतला कोपरा बोटभर कापला असता तर काम झालं असतं. पण कापायला काही नव्हतं. शेवटी मी पलीकडे कणसं आणि भजी विकणाऱ्या बाईंकडे गेले.

“मावशी, चाकू मिळेल का जरा? गाडीचं रबर कापायचंय.”

“रबर?” त्यांनी माझ्याकडे आणि चिखलाने माखलेल्या बाबांकडे पाहिलं. “चाकू कांद्याचा हाय. भजी कुणाला खायला घालू मग, रबराची?”

पण शेवटी पेटीखालचा एक जुना, अर्धवट गंजलेला चाकू त्यांनी काढून दिला. बाबांनी कोपरा कापला. वाकडातिकडा, दात लागल्यासारखा. मी गाडीत बसून स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवलं. आवाज नाही. बाबांनी दोन्ही हात वर केले. मग आम्ही कठड्यावर बसून कणीस खाल्लं. त्यांनी मला धरणाचा कुठला दरवाजा कशासाठी असतो ते सांगितलं. मधेच थांबून म्हणाले, “तुया आईले तपासणीचं सांगायचं होतं खरं.” मी हो म्हटलं.

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला बसायला सांगितलं. पण कॅन्सर नव्हता. गाठीचा टीबी होता. सहा महिने गोळ्या, एकही दिवस चुकवायचा नाही, गावाला राहूनही चालेल. बाबांनी दोनदा विचारलं, “म्हंजे तो दुसरा नाही ना?” डॉक्टर दोन्ही वेळा नाही म्हणाले. आम्ही पार्किंगमध्ये आलो आणि मी गाडीला टेकून रडले. बाबा माझ्या पाठीवर थोपटत आईला फोन लावत होते. तिला त्यांनी सगळं एका दमात सांगितलं आणि मग बराच वेळ तिची बोलणी खाल्ली.

मला वाटलं होतं, आता तरी स्वस्थ वाटेल. तसं झालं नाही. बाबा आता गावाला जायची घाई करू लागले आणि मी गोळ्यांची चिंता. त्यातच शोरूममधून फोन आला : तुमचे ओरिजिनल फ्लॅप आलेत. शनिवारी आम्ही गेलो. तिथल्या फिटरने जाड रबर काढलं, कापलेला कोपरा उलटसुलट करून पाहिला आणि ते बाजूला ठेवलं. नवे फ्लॅप गाडीच्या तयार भोकांमध्ये स्क्रूने बसले, कुठे घासले नाहीत. नाना पेठेत पाडलेली भोकं त्याने रबराच्या बुचांनी बंद केली.

“गंज धरेल का?” मी विचारलं.

“पावसाळ्यानंतर एकदा दाखवा,” तो म्हणाला.

बाबांना नवे फ्लॅप आवडले नाहीत. “एवढुसे? यानं काय चिखल अडते?” खरं तर मलाही ते दिसायला फारच छोटे वाटले. पण मी म्हटलं, “गाडीच्या मापाचे आहेत.” जुने त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत घेतले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांना ट्रॅव्हल्सच्या गाडीत बसवून दिलं. सोमवारी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये, कंपनीच्या बसमागे अडकले असताना मला राहवेना. मी स्पीकरवर फोन लावला.

“सकाळची गोळी घेतली का?”

“घेतली. तू गाडीत हायेस का?”

“हो.”

“मंग ठेव फोन,” ते म्हणाले आणि त्यांनीच ठेवला.